घोडे सरकारचे, वैरण गावाची



गेल्या हंगामात वजनकाट्यावर गाड्यांची मोठी रांग लागली होती. कुंभार पिंपळगावच्या बाजूचे एक वयस्कर सभासद ट्रॉलीच्या सावलीला बसले होते. उतारा, पहिली उचल, तोडणीचा खोळंबा अशा नेहमीच्या गप्पा चालल्या होत्या. आबा मध्येच म्हणाले, "ते समदं ठीक हाय हो, पण आमच्याकडं पाच दिवसांपासून नळाला पाणी नाही, त्याचं काय? टाकी नवी, पाइप नवा, मोटार नवी. अन् बिल थकलं म्हणून लाइट कापली." बाजूचा एक तरुण हसून म्हणाला, "आबा, ते ग्रामपंचायतीचं काम. कारखान्याला काय त्याचं?" त्यावर आबा म्हणाले, "ऊस कुठून येतो रे बाबा? गावातूनच ना? टोळीवाले कोप्या कुठं घालतात? गावाच्या शिवारातच ना? त्यांनी पाणी कुठलं प्यावं?"

आबांचे म्हणणे आम्ही मनावर घेतले. या पत्रिकेत आम्ही लागण, खोडवा, खताच्या मात्रा, ठिबक यांविषयी लिहितो. ते लिहायलाच हवे. परंतु आपला सभासद केवळ उसाच्या फडात राहत नाही. तो गावात राहतो, गावाचे पाणी पितो, गावाच्या रस्त्याने ऊस घालतो, त्याची मुले गावच्या शाळेत जातात. म्हणून या अंकात गावाच्या कारभाराचा खर्च कोणी किती उचलायचा, या प्रश्नावर आम्ही आमचे मत मांडीत आहोत. मत कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण विचार मात्र सर्वांनी करावा.

आपल्याकडे एक म्हण आहे: घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे. घोडे देखणे असते, दारात बांधले की चार लोक पाहायला येतात. पण दुसऱ्या दिवसापासून त्याला वैरण लागते आणि वैरणीचे व्याही काही बोललेला नसतो. गावोगावच्या सरकारी योजनांचे नेमके असेच झाले आहे. बांधणीचा खर्च कोणी किती द्यायचा हे कागदावर अगदी टक्क्यांनिशी लिहिलेले असते. चालवणीचा खर्च मात्र गावाच्या गळ्यात पडतो. आमचा सगळा मुद्दा एवढाच आहे. घोडे नको असे आमचे म्हणणे नाही. वैरणीचा हिशेब घोडे बांधण्याआधी व्हावा, असे आमचे म्हणणे आहे.

आधी बांधणीचा हिशेब पाहू. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली. घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे तिचे उद्दिष्ट. महाराष्ट्रासारख्या राज्यात तिचा खर्च केंद्राने निम्मा आणि राज्याने निम्मा करायचा असे ठरले. गावातल्या अंतर्गत कामाच्या खर्चात सर्वसाधारण गावाने १० टक्के लोकवर्गणी द्यायची. ही वर्गणीची कल्पनाही नवी नाही. २००२ साली आलेल्या स्वजलधारा योजनेत गावाचा १० टक्के वाटा होताच. रस्त्यांचे पाहा. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आधी संपूर्ण केंद्राच्या पैशाची होती, २०१५-१६ पासून ती ६० आणि ४० अशी वाटून घेतली गेली. बांधल्यावर पाच वर्षे देखभाल ठेकेदाराने करायची, हेही लिहिलेले आहे. म्हणजे बांधणीपुरता कोणाचा वाटा किती, यात कोठेही घोळ नाही.

घोळ त्यापुढे आहे. पाण्याची योजना पुरी झाली की ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिली जाते. मोटारीचे वीजबिल, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, टीसीएल पावडर, फुटलेली वाहिनी, जळालेली मोटार हे सगळे गावाचे. ग्रामपंचायत हे सर्व कशातून करणार? घरपट्टी आणि पाणीपट्टीतून, असे उत्तर मिळते. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

पथदिव्यांची हकीगत सर्वांना आठवत असेल. पूर्वी गावच्या पथदिव्यांच्या बिलापोटी शासन जिल्हा परिषदेमार्फत रक्कम देत असे. गावकऱ्याला ते बिल कधी दिसतही नव्हते. पुढे रकमा तुंबल्या, थकबाकी वाढत गेली आणि २०२१ साली महावितरणने राज्यभर अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली. गावेच्या गावे अंधारात गेली. सरपंच मंडळींनी ओरड केली. तेव्हा ग्रामविकास खात्याने मार्ग काढला तो असा, की ग्रामपंचायतींनी पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून ही बिले भरावीत. दिवे लागले, ही चांगली गोष्ट झाली. पण खर्च कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेला, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. जो भार राज्याच्या तिजोरीवर होता तो गावाला मिळणाऱ्या केंद्राच्या अनुदानावर आला. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने बिल धरले.

हे वित्त आयोगाचे पैसे म्हणजे काय, तेही नीट समजून घेऊ. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. आपल्या राज्यात त्यातला ८० टक्के भाग ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी ठरली. आकडा मोठा वाटतो, पण त्याला दोऱ्या बांधलेल्या होत्या. ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे ती पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची. राहिलेली ४० टक्के अबंधित. पण तिच्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च भागवता येत नव्हता. आता रोज पहाटे उठून व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाचा पगार द्यायचा कशातून? तो माणूस नसेल तर कोट्यवधींची योजना असून नळ कोरडाच राहतो.

आणखी एक दोरी आहे. निवडून आलेली मंडळी नसतील तर हे अनुदान अडते. आपल्या राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ साली संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. निवडणुका वेळेवर न होणे हा काही गावकऱ्याचा गुन्हा नव्हे. पण पैसे अडले की रस्त्यातला खड्डा गावकऱ्याच्याच वाट्याला येतो.

आता एक अशी गोष्ट सांगतो, जी आपल्या सर्वांच्या घरातली आहे. २०२४ साली राज्य सरकारने बळीराजा मोफत वीज योजना आणली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाचे बिल एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे राज्य सरकार भरणार. आपल्यापैकी बहुतेकांना याचा लाभ मिळतो, आणि मिळतो हे चांगलेच आहे. शेतीचे गणित कोणाला सांगायला नको. पण नीट विचार करा. माझ्या विहिरीवरची मोटार माझ्या उसाला पाणी देते, तिचे बिल सरकार भरते. गावच्या विहिरीवरची मोटार सगळ्या गावाला प्यायला पाणी देते, भूमिहीनाच्या घरी देते, टोळीवाल्याच्या कोपीत देते, तिचे बिल मात्र गावाने भरायचे! खाजगी पंपाला माफी आणि सार्वजनिक पंपाला नोटीस, हा न्याय कोणता? शेतीपंपाची सवलत काढा असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या तिजोरीला एक परवडते तिने दुसऱ्याचा थोडा तरी भार उचलायला काय हरकत आहे?

यावर कोणी म्हणेल, सरकारकडे तरी पैसे कोठून येणार? सरकारकडे पैसे येतात ते तुमच्या-आमच्याकडूनच. आपल्या कारखान्यातून साखरेचे पोते बाहेर पडते, त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. त्यातला निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. ज्या गावाच्या शिवारात तो ऊस पिकला, ज्या गावाचा रस्ता ट्रॉल्यांनी उखडला, त्या गावाचा वाटा कायद्यात नाही. जीएसटी येण्यापूर्वी १९६२ च्या कायद्याने ऊस खरेदी कर होता; तोही राज्याच्याच तिजोरीत जात असे. १ जुलै २०१७ रोजी कराची पद्धत बदलली, गावाचे रिकामे ताट तसेच राहिले.

त्याच वेळी शहरांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. जकात आणि नंतरचा स्थानिक संस्था कर बुडाल्यामुळे महानगरपालिका अडचणीत येतील, हे ओळखून राज्याने २०१७ साली त्यांच्या भरपाईसाठी वेगळा कायदाच केला. २०१६-१७ चे उत्पन्न पाया धरायचे, त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ धरायची आणि रक्कम महिन्याच्या महिन्याला द्यायची, असा तो नियम. मुंबई-पुण्याला हे मिळाले म्हणून आमच्या पोटात दुखत नाही. शहरांचा खर्च मोठा आहे, त्यांचे उत्पन्न खरोखरच गेले होते. आम्ही यातून एवढेच शिकतो, की मनात आणले तर सरकारला नेमकी रक्कम, नेमकी वाढ आणि नेमकी तारीख कायद्यात लिहिता येते. मग गावासाठी तसे का लिहिता येऊ नये?

वस्तुतः राज्यघटनेने ही सोय करून ठेवली आहे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत लिहिले गेले: पिण्याचे पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण, आरोग्य, गावातील वीज वगैरे. शिवाय दर पाच वर्षांनी राज्याने स्वतःचा वित्त आयोग नेमावा आणि राज्याच्या उत्पन्नातला किती वाटा पंचायतींना द्यायचा ते त्याने सुचवावे, असेही घटनेतच सांगितले आहे. दिल्लीच्या वित्त आयोगाची चर्चा वर्तमानपत्रांत होते. मुंबईच्या वित्त आयोगाची चर्चा ना ग्रामसभेत होते ना पारावर. पंधराव्या वित्त आयोगाला तर अशी अट घालावी लागली, की ज्या राज्याने आपला वित्त आयोग नेमला नाही आणि त्याच्या शिफारशींवर काय केले ते विधिमंडळापुढे ठेवले नाही, त्याला मार्च २०२४ नंतर हे अनुदान मिळू नये. अशी अट घालण्याची वेळ का आली, ते ज्याचे त्याने समजावे.

महाराष्ट्राला असे काही जमतच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १ मे १९६२ रोजी आपल्याकडे जिल्हा परिषदा आल्या, त्या वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून. त्या वेळी इतर अनेक राज्ये आपल्याकडे बोट दाखवून शिकत होती. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळून निघाला तेव्हा वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कायद्याची खुबी कशात होती? पैसा कोठून यायचा हे आधी ठरवले गेले. शहरातल्या नोकरदार आणि व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेतला, बागायतदारावरही त्यासाठी उपकर लावला, आणि या करांतून जेवढे जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरवले. शहराने गावाच्या मजुराचा भार उचलला, बागायतदाराने कोरडवाहूचा उचलला, सरकारनेही आपला उचलला. कोणी कुरकुरले असेल. पण वाटा ज्याचा त्याला माहीत होता. पाणी आणि दिवे यांच्या चालवणीसाठी आज नेमके हेच हवे आहे.

दुसरीकडे पाहायचे असेल तर केरळ पाहा. १९९६ साली तेथे लोकयोजना मोहीम झाली आणि राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे द्यायचे ठरले. आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तेथे पंचायतींना पैसे तीन वेगळ्या थैल्यांतून मिळतात. एक विकासाची, दुसरी देखभालीची, तिसरी सर्वसाधारण खर्चाची. देखभालीच्या थैलीतही रस्त्यांचे वेगळे आणि इतर मालमत्तेचे वेगळे. म्हणजे नवे काय बांधायचे आणि बांधलेले कसे टिकवायचे, हे दोन खर्च तेथे एकमेकांत मिसळत नाहीत. आपल्याकडे देखभाल म्हटली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

आता आपल्या भागाकडे येऊ. कुंभार पिंपळगावासारखे बाजाराचे गाव घ्या. आसपासच्या खेड्यांतली माणसे तेथे बाजाराला, बँकेत, शाळेत, दवाखान्यात येतात. त्यांच्यासाठी रस्ते झाडावे लागतात, कचरा उचलावा लागतो, दिवे लावावे लागतात, पाणी ठेवावे लागते. पण वित्त आयोगाचे पैसे वाटताना मुख्यतः पाहिली जाते ती त्या गावची लोकसंख्या, आणि तीही २०११ च्या जनगणनेतली. बाजाराला येणाऱ्या माणसाची नोंद त्यात नाही. दिवसभराचा भार पंचक्रोशीचा आणि अनुदान फक्त गावापुरते. मोठ्या गावचे सरपंच रडतात ते उगाच नव्हे.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र आम्हाला आधी आपल्या घरातच पाहावे लागेल. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. फडातून ऊस निघतो तो या ग्रामीण मार्गावरूनच. दोन ट्रॉल्यांत मिळून वीस-पंचवीस टन ऊस भरलेला ट्रॅक्टर हंगामभर त्याच रस्त्याने जातो. तो रस्ता अशा ओझ्यासाठी बांधलेलाच नसतो. मग जिल्हा परिषदेच्या तीस-चोपन्न लेखाशीर्षातून दुरुस्तीची वाट पाहायची. पैसे सगळ्या जिल्ह्याला पुरवायचे, त्यात आपला तुकडा कधी लागेल सांगता येत नाही.

या खड्ड्यांचे बिल शेवटी कोण भरतो? सभासदच भरतो. रास्त आणि किफायतशीर दरातून तोडणी-वाहतूक वजा होते हे आपण जाणताच. रस्ता खराब म्हणजे खेपा कमी, डिझेल जास्त, टायर जास्त, आणि वाहतुकीचा दर जास्त. तो सगळ्यांच्या बिलात सरासरीने बसतो. ज्याच्या शेताला डांबरी रस्ता आहे तोही दुसऱ्याच्या खड्ड्याचे पैसे देतो. म्हणून रस्ता हा 'सरकारचा विषय' म्हणून सोडून देता येत नाही.

कारखान्यालाही यातून अंग काढता येणार नाही. कारखाना ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असतो तिला तो कर देतो, किंवा ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२५ प्रमाणे करांऐवजी ठोक रक्कम देतो. हे एका गावाचे झाले. पण ज्या पन्नास-साठ गावांतून ऊस येतो त्यांचे काय? आमचे मत असे आहे, की संचालक मंडळाने दरवर्षी हंगाम संपल्यावर सर्वांत जास्त ऊस वाहिलेल्या रस्त्यांची यादी करावी. किती टन ऊस कोणत्या रस्त्याने आला हे आपल्या काट्याच्या नोंदीतून काढता येते. ती यादी घेऊन जिल्हा परिषदेकडे जावे आणि सांगावे: या रस्त्यावर तुम्ही इतके घाला, मुरुम आणि रोलर आम्ही देतो. हातात आकडे असले की बोलणे वेगळे होते. नुसते निवेदन देऊन फोटो काढण्याचे दिवस गेले.

आता थोडे कडू बोलतो. सभासदांनी राग मानू नये. सरकारला आम्ही वर बरेच सुनावले. पण गावाची घरपट्टी आणि पाणीपट्टी कोण थकवतो? मजूर थकवतो, विधवा बाई थकवते, असे आपण म्हणतो. प्रत्येक गावातल्या थकबाकीची यादी एकदा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि पाहा. त्यात बागायतदारांची नावे वरच्या भागात सापडली तर आश्चर्य वाटू नये. "पाणी येत नाही, मग पट्टी कशाची?" असे आपण म्हणतो. ग्रामसेवक म्हणतो, "पट्टी येत नाही, मग पाणी कशाचं?" दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि नळ कोरडा.

साधा हिशेब करू. समजा गाव १००० घरांचे आहे. पाण्याच्या मोटारीचे वर्षाचे वीजबिल २ लाख, दोन माणसांचा पगार २ लाख, पावडर आणि दुरुस्ती २ लाख, असे मिळून ६ लाख झाले. घरटी वर्षाला ६०० रुपये, म्हणजे महिन्याला ५०. सगळ्यांनी भरले तर योजना चालते. पण ३०० घरांनीच भरले तर जमा १ लाख ८० हजार. त्यात वीजबिलही भागत नाही, पगार आणि दुरुस्ती तर दूरच. आणि ६०० रुपये म्हणजे किती? २०२५-२६ च्या हंगामाचा मूळ दर क्विंटलला ३५५ रुपये होता. म्हणजे घराची वर्षाची पाणीपट्टी ही दोन क्विंटल उसाच्या किमतीपेक्षाही कमी. ट्रॉलीतून रस्त्यात पडणारा ऊसही कधी कधी याहून जास्त असतो. ज्याचे शेतीपंपाचे बिल सरकारने उचलले आहे, त्याने तरी गावच्या पंपासाठी ५० रुपये काढायला कुरकुर करू नये.

सरपंचांचीही एक अडचण आहे. पट्टी वाढवली किंवा वसुली केली की पुढच्या निवडणुकीत पॅनेल पडते, ही भीती. ती खोटी नाही. पण गावाने स्वतःहून ग्रामसभेत ठराव करून पट्टी ठरवली, तर सरपंचाच्या पाठीशी गाव राहते. गाव करी ते राव न करी, हे आपण भाषणात म्हणतो. ते वसुलीतही दिसावे. आणि आपली पट्टी चोख असली तरच सरकारशी भांडताना आवाज चढतो. थकबाकीदाराचे कोण ऐकणार?

तेव्हा आमच्या मते करायचे काय, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट. यापुढे कोणतीही योजना गावाने ताब्यात घेताना चालवणीचा हिशेब लेखी मागावा. वर्षाचे वीजबिल अंदाजे किती, दुरुस्ती कोणी करायची, मोटार जळाली तर पैसे कोणाचे, आणि पुढची पंधरा वर्षे त्यातला राज्याचा वाटा किती. हा कागद ग्रामसभेपुढे आल्याशिवाय ताबापावतीवर सही नको.

दुसरी गोष्ट. गावच्या पिण्याच्या पाण्याच्या पंपाचे आणि पथदिव्यांचे निम्मे बिल राज्याने उचलावे, आणि ते ज्या गावाची पट्टी-वसुली चांगली त्याला आधी मिळावे. म्हणजे जेवढे गाव घालेल तेवढे सरकार घालेल. रोजगार हमीची हीच रीत होती. भीक मागितल्यासारखे होणार नाही आणि फुकटेपणालाही उत्तेजन मिळणार नाही.

तिसरी गोष्ट. २०२६ ते २०३१ हा सोळाव्या वित्त आयोगाचा काळ. या पाच वर्षांत आपल्या ग्रामपंचायतीला काय आले, त्यातले बिलांत किती गेले आणि कामात किती, याचा फळा प्रत्येक ग्रामपंचायतीने बाहेर लावावा. कारखाना वार्षिक अहवालात पै-पैचा हिशेब देतो, न दिला तर तुम्ही सभेत उभे राहून विचारता. तसेच ग्रामसभेत विचारा. वार्षिक सभेला हजारो आणि ग्रामसभेला पंधरा माणसे, हे चित्र बरे नाही.

चौथी गोष्ट, आणि ही सभासदांनीच ठरवायची. ज्या सभासदाची इच्छा असेल त्याच्या लेखी संमतीने घरपट्टी व पाणीपट्टी ऊसबिलातून वळती करून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर भरण्याची सोय कारखान्याने करावी का? कपातीचा शब्द काढला की सभासदाच्या कपाळाला आठी पडते, हे आम्हाला ठाऊक आहे. कपातीच्या नावाखाली पूर्वी काय काय झाले, तेही लोक विसरलेले नाहीत. म्हणून सक्ती अजिबात नको. ज्याची सही त्याचीच रक्कम, आणि ग्रामपंचायतीची पावती सभासदाच्या हातात. आमचे मत सोय करावी असे आहे. निर्णय वार्षिक सभेचा.

कालव्याचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटते, पण चारीत गाळ असेल तर शेतात थेंब येत नाही. मोठा कालवा सरकारने सांभाळायचा, चारी पाणी वापर संस्थेने काढायची, हे २००५ च्या कायद्यापासून तरी कागदावर ठरलेले आहे. जेथे दोघांनी आपापले काम केले तेथे शेवटच्या शेतकऱ्यालाही पाणी मिळाले, जेथे एकाने अंग काढले तेथे दोघांचेही श्रम वाया गेले. गावाच्या पाण्याचे, दिव्यांचे आणि रस्त्यांचे असेच आहे. सरकारने आपला कालवा सांभाळावा, आपण आपली चारी साफ ठेवू. पण कोणाची हद्द कोठे संपते, ते आधी खांब रोवून ठरवून घ्या.

रांगेतले ते आबा निघताना म्हणाले होते, "घोडं दिलंय तर दिलंय, पण चारा कोण टाकणार ते तरी सांगा." पुढच्या ग्रामसभेत हाच प्रश्न उठून विचारा. आणि विचारायला जाण्याआधी आपली स्वतःची पावती खिशात असू द्या.